फाउंड्रीच्या कूलिंग पंपाला व्हीएफडी: नऊएक महिन्यांच्या वापरानंतर

शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे, दोन इंडक्शन फर्नेस, आणि त्यांच्या हीट एक्स्चेंजरला कूलिंग टॉवरचं पाणी देणारा 15 एचपीचा पंप, एक चालू एक स्टँडबाय. गेल्या पावसाळ्यानंतर चालू पंपाला व्हीएफडी, म्हणजे विजेची फ्रीक्वेन्सी बदलून मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, बसवला. बरेच जण विचारतात फायदा होतो का, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी काय होतं ते सांगतो. पंप निवडताना "मोठा असलेला बरा" म्हणून हेड (पंप पाणी किती मीटर उंच ढकलू शकतो ते) जास्तीचं धरलेलं, त्यामुळे डिलिव्हरी व्हॉल्व्ह कायम अर्ध्यावर बंद. पंपाजवळच्या गेजवर प्रेशर दणदणीत आणि व्हॉल्व्हच्या पुढच्या गेजवर जेमतेम, म्हणजे मधली सगळी वीज त्या व्हॉल्व्हमध्ये जाळत होतो. आता व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि स्पीड कमी. दोन्ही फर्नेस चालू असताना 42 हर्ट्झच्या आसपास (पूर्ण स्पीड म्हणजे 50), रात्री एकच असली की प्रेशर ट्रान्समीटर बघून ड्राइव्ह आपोआप 37-38 वर येतो. पूर्वी साडेनऊ किलोवॅट खायचा तो आता दोन फर्नेसवर सहाच्या आत-बाहेर दाखवतो. साडेतीन किलोवॅट गुणिले 20 तास म्हणजे दिवसाला 70 युनिट, तुमचा दर लावून बघा.

यात जादू काही नाही. फ्लो स्पीडच्या प्रमाणात कमी होतो, हेड वर्गाने आणि पॉवर घनाने, म्हणून 50 चे 40 हर्ट्झ केले की कागदावर पॉवर निम्म्यावर येते. पण हे खरं कुठे, तर जिथे हेड मुख्यतः पाइपातल्या घर्षणाचं आहे तिथे. उंच टाकी भरायच्या पंपाला हा हिशोब लावू नका. समजा टाकी 30 मीटरवर आहे आणि पंपाचं शटऑफ हेड (फ्लो शून्य असतानाचं हेड) 38 मीटर, तर 44 हर्ट्झला ते 29 च्या आसपास येतं, मग पंप नुसता फिरतो, पाणी वर चढतच नाही आणि केसिंग तापतं. एका विक्रेत्याने आम्हाला "कुठल्याही पंपाला 40 टक्के बचत" असं सांगितलेलं, असं बोलणाऱ्याकडून घेऊ नका, आधी पंपाचा कर्व्ह, म्हणजे किती फ्लोला किती हेड मिळतं तो आलेख, मागा.

त्रास झाला तो असा. ड्राइव्हचं पॅनेल फर्नेसच्या बाजूला होतं, एप्रिल-मेमध्ये ओव्हरटेम्परेचरवर ट्रिप व्हायला लागलं, फॅनच्या फिल्टरवर काळ्या धुळीचा थर. पॅनेल दुसऱ्या खोलीत हलवलं, आता दर आठवड्याला फिल्टर साफ होतो, ट्रिप बंद. 35 हर्ट्झजवळ बेसफ्रेम थरथरायची, तेवढा पट्टा स्किप फ्रीक्वेन्सीत टाकला, म्हणजे त्या स्पीडवर ड्राइव्ह थांबतच नाही. शील्डेड केबल आणि नीट अर्थिंग यात अजिबात काटकसर करू नका, नाहीतर मोटरच्या बेअरिंगमधून करंट जाऊन ती खराब होतात. आणि स्टार-डेल्टाचा बायपास, म्हणजे ड्राइव्हशिवाय पंप साध्या स्टार्टरवर चालवायची सोय, ठेवाच. ड्राइव्ह गेला म्हणून फर्नेसचं पाणी थांबलं असं चालत नाही, आत वितळलेलं लोखंड असतं. वरची इमर्जन्सी टाकी पण दर आठवड्याला टेस्ट करतो.

बाकी पंपाचं आयुष्य ड्राइव्हपेक्षा साध्या गोष्टींवर जास्त अवलंबून आहे हे माझं ठाम मत. कपलिंग गार्डखाली काळी रबराची भुकटी दिसली की समजायचं अलाइनमेंट गेलंय, स्पायडर (कपलिंगमधला रबराचा तुकडा) झिजतोय, नुसता नवीन स्पायडर टाकून भागत नाही, डायल गेज लावायलाच पाहिजे, आणि ते सुद्धा पाइपांचे बोल्ट आवळल्यानंतर, कारण पाइप पंपाला ओढतो. ग्लँडमधून (शाफ्टभोवती पॅकिंगची दोरी दाबून धरणारा भाग) मिनिटाला 40-60 थेंब पडलेच पाहिजेत, पोरं जमीन ओली दिसली की पाना घेऊन ग्लँड आवळतात, मग दोरी जळते आणि शाफ्ट स्लीव्हवर नखाला लागतील असे चरे पडतात. आम्ही आता पंपाजवळच बोर्ड लावलाय, थेंब बंद करू नये म्हणून. सक्शनचा स्ट्रेनर, ग्रीस मोजून (जास्त ग्रीसने पण बेअरिंग तापतं), आणि रोज गेज-अँपिअरची नोंद, एवढं केलं की बिघाड आधी वहीत दिसतो.

ड्राइव्ह घ्यावा का? लोड कमी-जास्त होत असेल तर नक्की घ्या. पण आमच्या सँड प्लांटकडच्या पंपाला बारा महिने एकच फ्लो लागतो, व्हॉल्व्ह तिथेही अर्धा बंदच, त्याला ड्राइव्ह लावणार नाही, कंपनीच्या कर्व्हप्रमाणे इम्पेलर (पंपातलं फिरणारं चाक) ट्रिम करून, म्हणजे त्याचा व्यास कमी करून घेतोय, खर्च किरकोळ आणि तापायला पॅनेल नाही. दिवाळीच्या शटडाऊनला ते काम आहे, आधी-नंतरचे किलोवॅट मोजून टाकतो.