बाल्डर्स गेट ३ आणि बार्ड : पहिल्यांदा खेळणाऱ्यांनी कोणता क्लास निवडावा?

बेल्जियममधील लॅरियन स्टुडिओजने ३ ऑगस्ट २०२३ रोजी कॉम्प्युटरवर आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्लेस्टेशन ५ वर आणलेला ‘बाल्डर्स गेट ३’ हा गेम मी आजवर चार वेळा, चार निरनिराळ्या क्लासांनी, म्हणजे आपल्या पात्राच्या पेशांनी, पूर्ण केला आहे. फायटर, विझार्ड, पॅलाडिन आणि शेवटी बार्ड, असा माझा क्रम होता, आणि आज पुन्हा सुरुवात करायची झाली तर मी तो उलटा लावीन. सुरुवातीच्या पडद्यावर बारा क्लास समोर येतात आणि ज्यावर हा गेम बेतला आहे त्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांच्या भूमिकाखेळाच्या पाचव्या आवृत्तीचे नियम ठाऊक नसलेला खेळाडू तिथेच अडखळतो, बहुतेक जण मग तलवार हाती असलेला सोपा फायटर निवडून मोकळे होतात. ही निवड चुकीची नाही, मात्र या गेममधले जे सर्वोत्तम आहे ते तिच्यामुळे बरेचसे दूर राहते.

याचे पहिले कारण सोबत्यांमध्ये आहे. लेझेल ही फायटर, शॅडोहार्ट क्लेरिक, अ‍ॅस्टेरियन ‘रोग’ (म्हणजे लपूनछपून वार करणारा चोरटा), गेल विझार्ड, विल वॉरलॉक आणि कार्लॅक बार्बेरियन, असे सहा जण कथेच्या पहिल्याच भागात आपल्याला येऊन मिळतात. त्यांचे क्लास बदलता येतात, हे खरे. परंतु शॅडोहार्टची कथा तिच्या देवीभोवती फिरते आणि गेलची त्याच्या जादूभोवती, त्यामुळे ते बदलावेत असे निदान मला कधी वाटले नाही. बार्ड, मंक आणि सॉर्सरर या तीन क्लासांचा मात्र एकही सोबती गेममध्ये नाही. लेझेल बरोबर असताना आपणही फायटर होण्यापेक्षा ही रिकामी जागा भरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

बार्ड म्हणजे वाद्य, गाणे आणि शब्द यांच्या बळावर जादू करणारा. मराठीत त्याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द शाहीर हाच आहे, कारण दोघांचेही काम स्वतः लढण्याइतकेच लढणाऱ्यात बळ भरण्याचे आहे. गेममध्ये हे अगदी मोजून मापून दाखवले आहे. प्रत्येक हल्ल्याचा निकाल वीस बाजूंच्या फाशावर लागतो. बार्डने एखाद्या सोबत्याला स्फूर्ती दिली की त्याला पुढच्या एका फाशासोबत सहा बाजूंचा आणखी एक फासा मिळतो, जो पाचव्या लेव्हलला आठ आणि दहाव्या लेव्हलला दहा बाजूंचा होतो. लेझेलचा वार एखाद्या अंकाने हुकणार असतो, तो त्या जादा फाशामुळे लागतो आणि समोरचा शत्रू कोसळतो. आपण स्वतः काहीच मारलेले नसते, तरीही तो विजय आपला वाटतो, आणि हे समाधान मला दुसऱ्या कोणत्याही क्लासने दिलेले नाही. उलट बाजूने, शत्रूला झोंबणारे शब्द सुनावण्याचा एक साधा मंत्रही बार्डकडे पहिल्या लेव्हलपासून असतो. त्याने सुरुवातीला होणारी इजा एक ते चार इतकीच असली, तरी त्या शत्रूचा पुढचा हल्ला कमजोर पडतो.

लढाईबाहेर तर बार्डला तोड नाही. हा गेम संभाषणांवर उभा आहे, आणि मन वळवणे, थाप मारणे, धाक दाखवणे ही सारी कौशल्ये ज्या व्यक्तिमत्त्वगुणावर चालतात तोच बार्डचा मुख्य गुण आहे. प्राण्यांशी बोलण्याचा मंत्र निवडला, तर मेलेल्या धन्याशेजारी बसून राहिलेला स्क्रॅच हा कुत्रा आपल्याशी बोलू लागतो. लढाईबाहेर या मंत्रासाठी जादूचा साठाही खर्च होत नाही. निसर्गपूजक ड्रुइडांच्या वस्तीवरच्या कड्यावर अल्फिरा नावाची तरुण बार्ड आपल्या दिवंगत गुरूसाठी गाणे रचत बसलेली भेटते. तिचे शब्द अडलेले असतात, सूर पुन्हापुन्हा तुटत असतो. फायटर असताना मी तिच्याशी दोन वाक्ये बोलून पुढे निघून गेले होते. बार्ड असताना मी तिच्या शेजारी बसून वाद्य हाती घेतले आणि ते गाणे पूर्ण होताना ऐकले. तो प्रसंग मी दोनदा जतन करून ठेवलेला जुना टप्पा (सेव्ह) उघडून पुन्हा पाहिला.

तिसऱ्या लेव्हलला बार्डची शाखा निवडावी लागते. तलवारबाजीची शाखा लढाईत अधिक प्रभावी आहे, याबद्दल जाणकारांत फारसा वाद नाही. तरीही नवख्यांना मी ‘लोअर’, म्हणजे विद्येची शाखाच सुचवीन, कारण तिच्यात तीन जादा कौशल्ये मिळतात आणि शत्रूच्या फाशातून आपल्या स्फूर्तीचा फासा वजा करता येतो. एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचने, म्हणजे गेमच्या सुधारणेने, प्रत्येक क्लासला एकेक नवी शाखा दिली, त्यात बार्डची ग्लॅमर शाखा आली; ती मी अजून पुरेशी खेळलेली नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. पहिल्या दोन लेव्हलना बार्ड नाजूक असतो आणि एकटा सापडला तर टिकत नाही. चौकात वाद्य वाजवले की लोक जमतात, नाणी टाकतात, पण ठरावीक चाली थोड्याच असल्याने ती गंमत लवकर संपते.

इतर क्लासांपैकी पॅलाडिन मला मनापासून आवडला. त्याने घेतलेली शपथ आपल्या कृतीने मोडली, तर रात्री तळावर चिलखतातला एक योद्धा येऊन जाब विचारतो, आणि त्यामुळे प्रत्येक निर्णय जबाबदारीने घ्यावा लागतो. विझार्डची मजा मंत्रांच्या गुंडाळ्या गोळा करून त्या शिकत जाण्यात आहे, मात्र ती दुसऱ्या खेपेस अधिक कळते.

निवड चुकेल या भीतीने कोणी थांबू नये. पहिल्या भागात विदर्स नावाचा एक प्राचीन सांगाडा भेटतो आणि पुढे तळावर येऊन राहतो. त्याला शंभर सुवर्णनाणी दिली की तो हवा तेव्हा क्लास बदलून देतो.