फॉल्समची वाकडी तबकडी: आठ महिन्यांनंतर

अमेरिकन गायक जॉनी कॅशने फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर गाऊन केलेली रेकॉर्ड, 'ॲट फॉल्सम प्रिझन', काय चीज आहे, हे कुणाला नव्याने सांगायला नको. तक्रार माझ्या प्रतीची आहे. 3,200 रुपये मोजून घेतलेली, सीलबंद एलपी. टर्नटेबलवर ठेवली तर कडेला भाजलेल्या पापडासारखी वरखाली. विकणाऱ्याला व्हिडिओ पाठवला. "एवढं चालतं सर. आणि सील फोडलंय, आता परत नाही घेता येणार." सील न फोडता तबकडी वाकडी आहे हे बघायचं कसं, यावर गृहस्थ गप्प.

कड वाकडी म्हणजे मार पहिल्याच गाण्याला. 'हॅलो, आय ॲम जॉनी कॅश' नीट ऐकू येतं, गिटारची टकटक सुरू होते, आणि रीनोत एकाला गोळी घातली, निव्वळ तो मरताना बघायला, या ओळीवर सुई टुणकन पुढे. ओळीमागून कैद्यांची जी आरोळी उठते ती गायब. अहो, तिच्यासाठी तर रेकॉर्ड घेतली!

मग वडिलांचा जुना इलाज: हेडशेलवर, म्हणजे सुई बसवतात त्या टोकावर, चिकटपट्टीने चार आण्याचं नाणं. सुई उडायची थांबली. तेव्हा इथे चार तारे देणार होतो. आल्यागेल्याला बसवून आरोळी ऐकवली. महिन्याभरात पहिल्या गाण्यात खरखर आली. त्या वजनाने खोबणच घासली जात होती. सुईही गेली. नवी 1,400 ला.

आणि मग वाचनात आलं की ती आरोळी तिथली नाहीच. 13 जानेवारी 1968 ला, रेकॉर्डिंगच्या दिवशी, त्या ओळीवर कैद्यांनी तशी दाद दिलीच नव्हती. पहारेकऱ्यांच्या देखत जपूनच होते बिचारे. ती नंतर संकलनात चिकटवली. म्हणजे मी चिकटपट्टी लावून ऐकत होतो तेही चिकटवलेलंच! दोन दिवस रेकॉर्डला हात लावला नाही.

नाणं काढलं. सुई पुन्हा उडते, उडू दे.

हल्ली दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं लावतो, 'ग्रेस्टोन चॅपल'. ते लिहिलं ग्लेन शर्ली नावाच्या तिथल्याच कैद्याने. त्याची टेप कॅशच्या हाती आली आदल्या रात्री. रातोरात बसवून दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर गायलं. पुढच्या रांगेत बसलेल्या त्या माणसाला तेव्हा काय वाटलं असेल, हे मी दर वेळी नव्याने मनात आणून बघतो. लेबलाजवळ तबकडी सपाट आहे, सुई हलत नाही.

साडेतीन तारे. अर्धा कापला तो त्या दुकानदाराच्या नावाने. दुसरी प्रत? 3,200 ला? छे.