बाह्य परीक्षक : प्रबंध-मूल्यमापनाचा अनुभव

वडोदऱ्यातील एका विद्यापीठात माझी पीएच.डी.ची मौखिक परीक्षा नुकतीच झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षकांनी प्रबंध तपासणे बंधनकारक आहे, आणि या तरतुदीचे मोल मला त्या दिवशी कळले. दांडिया बाजारातून बांधून घेतलेल्या माझ्या प्रबंधाच्या समासात परीक्षकांनी पेन्सिलीने बारीक टिपा केल्या होत्या. तिसऱ्या प्रकरणातील एका तक्त्याची बेरीज जुळत नसल्याचे त्यांनीच दाखवून दिले, जी चूक मार्गदर्शकांच्या आणि माझ्या नजरेतून चार वर्षे निसटली होती. प्रश्न कठोर होते, पण एकही अपमानकारक नव्हता. मात्र अहवाल यायला आठ महिने लागले, आणि त्या काळात परीक्षा विभागाने एकदाही पाठपुरावा केला नाही, हे मला फार खटकले.