जीनमॉर्फ २ किट: लॅम्डा फेजच्या जे प्रोटीनसाठी घ्यावं का?

घ्यावं, पण टेम्प्लेटचा, म्हणजे ज्यावरून कॉपी काढायची त्या मूळ डीएनएचा, हिशोब आधी कागदावर मांडून. अजिलेंटचं हे किट पीसीआरने जीनच्या कॉपी काढताना मुद्दाम चुका, म्हणजे म्युटेशन, घडवतं; त्याची सगळी मदार त्या हिशोबावर आहे.

विषाणूचं प्रोटीन यजमान पेशीला नेमकं कुठे धरतं, हे गोव्यातल्या ताळगाव पठारावरच्या किंवा झुआरीनगरातल्या एमएस्सीच्या मुलांना हाताने करून दाखवायचं तर लॅम्डा फेजसारखा (बॅक्टेरियात वाढणारा) विषाणू नाही. माणसाला त्याचा त्रास नाही, यजमान ई. कोलाय के-१२ आहे आणि रिसेप्टर माहीत आहे: बॅक्टेरियाच्या आवरणावरचं लॅम-बी प्रोटीन. फेजच्या शेपटीच्या टोकाला असलेल्या जे प्रोटीनची शेवटची २४९ अमिनो आम्लं लॅम-बीला धरतात, हे तो तुकडा एमबीपीला (माल्टोज धरणाऱ्या प्रोटीनला) जोडून २००० साली दाखवलं गेलं. म्हणजे साधारण ७५० बेसपेअर. किटला हा आकार अगदी सोयीचा.

डब्यात म्युटाझाइम २ एन्झाइम, दहापट बफर, डीएनटीपी (डीएनएचे सुटे घटक) आणि १.१ किलोबेसचं (किलोबेस म्हणजे हजार बेस) जेल स्टँडर्ड येतं. ५० मायक्रोलिटरच्या रिअ‍ॅक्शनमध्ये बफर ५, डीएनटीपी १, एन्झाइम १ मायक्रोलिटर आणि ३० सायकल. इथे म्युटेशनचा दर सुरुवातीला किती टेम्प्लेट घातलं यावर ठरतो. ५०० ते १००० नॅनोग्रॅमला दर किलोबेसमागे ० ते ४.५ म्युटेशन, १०० ते ५०० ला ४.५ ते ९, त्याखाली ९ ते १६. टेम्प्लेट कमी तर कॉपी जास्त वेळा होते, म्हणून चुकाही जास्त.

बहुतेक जण फसतात ते इथेच. हे नॅनोग्रॅम टार्गेटचे, म्हणजे बदलायच्या तुकड्याचे, आहेत; तो ज्या गोल डीएनएत बसवला त्या अख्ख्या प्लास्मिडचे नव्हेत. पीमॅल व्हेक्टरमध्ये (एमबीपी जोडून देणाऱ्या प्लास्मिडमध्ये) आपला तुकडा बसवला की प्लास्मिड सुमारे ६.४ किलोबेसचं होतं. ७५० नॅनोग्रॅम टार्गेट हवं असेल तर प्लास्मिड ६.४ मायक्रोग्रॅम लागतं. सरळ ७५० नॅनोग्रॅम प्लास्मिड घातलं तर टार्गेट उरतं जेमतेम ८८, आणि एकेका तुकड्यात सात ते बारा म्युटेशन होतात. अशा लायब्ररीतला (बदललेल्या क्लोनच्या संचातला) जवळपास प्रत्येक क्लोन बाइंडिंग हरवतो आणि कुठल्या बदलामुळे हरवलं ते कळायला मार्ग नसतो. मिनिप्रेपचं इतकं प्लास्मिड ओतण्यापेक्षा तुकडा रिस्ट्रिक्शनने कापून, जेलमधून काढून तोच टेम्प्लेट म्हणून वापरावा, हे आमचं ठाम मत. प्लास्मिडच वापरलं तर क्लोनिंगआधी डीपीएन-वन (बॅक्टेरियातून आलेला मूळ डीएनए कापणारं एन्झाइम) द्यायला विसरू नये, नाहीतर मूळ, न बदललेले क्लोन प्लेटवर गर्दी करतात.

सरासरी दीड म्युटेशन दर तुकडा हे लक्ष्य ठेवावं. त्यात साधारण २२ टक्के क्लोन कोरे, ३३ टक्क्यांत एकच बदल, बाकीच्यांत दोन किंवा अधिक. स्क्रीनिंगला बसण्याआधी दहा क्लोन सीक्वेन्स करून सरासरी तपासावी, दोन्ही बाजूंनी वाचून, कारण एका रीडचं शेवटचं टोक अस्पष्ट येतं.

स्वस्तातला पर्याय म्हणजे टॅक (पीसीआरचं नेहमीचं एन्झाइम) आणि मँगनीज, १९९२ पासूनची रेसिपी: मॅग्नेशियम क्लोराइड ७ मिलिमोलर, मँगनीज क्लोराइड ०.५, डीएनटीपींपैकी ए आणि जी ०.२, सी आणि टी १ मिलिमोलर. मँगनीज शेवटी घालावं, दहापट बफरमध्ये आधीच मिसळून ठेवलं तर साका बसतो. चालतं, पण टॅकच्या चुका ए आणि टी वर फार झुकतात. जीनमॉर्फमध्ये हा कल बराच कमी होतो, पैसे त्याचे आहेत.

किटच्या हाताबाहेरची गोष्टही सांगितली पाहिजे. एका कोडॉनमध्ये (एका अमिनो आम्लाच्या तीन बेसमध्ये) बहुधा एकच बेस बदलतो. ट्रिप्टोफॅनच्या टीजीजी पासून आर्जिनिन, ग्लायसिन, सेरिन, ल्युसिन, सिस्टीन किंवा स्टॉप, एवढंच मिळतं. प्रत्येक जागी सगळी अमिनो आम्लं पाहायची असतील तर हे किट नको.

स्क्रीनिंगमध्ये ‘बाइंडिंग गेलं’ असं दिसणारे बरेच क्लोन खरे नसतात, प्रोटीन मध्येच तुटलेलं असतं. लायसेटचा (फोडलेल्या पेशींचा) अँटी-एमबीपी ब्लॉट, म्हणजे एमबीपी ओळखणाऱ्या अँटीबॉडीची चाचणी, आधी करावा. ७० किलोडाल्टनच्या आसपास पूर्ण लांबीचा पट्टा नसेल तर तो क्लोन बाजूला. ४२ च्या जवळचा पट्टा बॅक्टेरियाच्या स्वतःच्या एमबीपीचाही असतो, त्याला फसू नये. फ्युजन (एमबीपी जोडलेलं प्रोटीन) बनवणारा स्ट्रेन लॅम-बी नसलेलाच घ्यावा, नाहीतर प्रोटीन त्याच पेशींच्या आवरणाला चिकटून गाळात जातं. आणि ज्यांच्यावर बाइंडिंग तपासायचं त्या पेशी ०.२ टक्के माल्टोजमध्ये वाढवाव्यात. एक्स्प्रेशनच्या मीडियात ग्लुकोज असतं. त्या दोन बाटल्यांची अदलाबदल झाली तर लॅम-बी बनतच नाही आणि अख्खी लायब्ररी नापास दिसते. लॅम-बी नसलेल्या पेशींचा कंट्रोल प्रत्येक प्लेटवर हवाच.

गोव्यात किट मागवताना वाटेचा विचार करावा. मुंबई-बंगळुरूहून घाट उतरून येणारा डबा शुक्रवारी निघाला की सोमवारपर्यंत कुठेतरी पडून राहतो. चवथीच्या आणि ३ डिसेंबरच्या फेस्ताच्या आठवड्यात ऑर्डर टाकूच नये. डबा हातात आला की जेल पॅक दाबून पाहावेत; मऊ असतील तर सही करण्याआधी फोटो काढून विक्रेत्याला कळवावं. एन्झाइम ग्लिसरॉलमध्ये असल्याने उणे २० ला गोठत नाही, काकवीसारखं दाट राहतं. टिप खोल बुडवली तर बाहेरून चिकटलेलं एन्झाइमही रिअ‍ॅक्शनमध्ये जातं, म्हणून टोक नुसतं पृष्ठभागाला टेकवावं. फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर अधूनमधून स्वतःला तापवतो, त्यात हे ठेवू नये, आणि पावसाळ्यात वीज जाते तेव्हा नळ्या थंड ठोकळ्यातच असाव्यात. डीएनटीपी पहिल्याच दिवशी १० मायक्रोलिटरच्या भागांत वाटून ठेवावेत.