लीन मिक्स्चर पकडायला ईएलएम३२७ ब्लूटूथ अडॅप्टर: घ्यावा, पण कशासाठी?

चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी०१७१ (मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी) हा कोड निघतो आणि लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलायचं एस्टिमेट हातात पडतं. या कोडचा अर्थ मात्र एवढाच आहे, की ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) पेट्रोल वाढवत नेऊन आपली मर्यादा गाठली, तरी एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्तच येतोय. बहुतेक वेळा सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो. म्हणून गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये लावून फोनवर आकडे दाखवणारा पाचशे-हजार रुपयांचा हा अडॅप्टर कोड वाचायला घेऊ नका, फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा, बघायला घ्या. त्या कामात तो पैसे वसूल करून देतो.

आधी खरेदीचं. अँड्रॉइडला साधा ब्लूटूथवाला चालतो, पिन १२३४ किंवा ००००. आयफोनसाठी बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) किंवा वायफायचाच लागतो. डब्यावरच्या व्हर्जनवर जाऊ नका. मूळ चिप बनवणाऱ्या कंपनीने १.५ व्हर्जन कधी काढलंच नव्हतं, आणि २.१ लिहिलेल्या कित्येक नकला अर्ध्या कमांडना उत्तरच देत नाहीत. परत करता येईल अशा ठिकाणाहूनच घ्या. कार स्कॅनर हे अ‍ॅप सोबत पुरेसं आहे. स्क्रीनवर चार-पाचच आकडे ठेवा: शॉर्ट टर्म ट्रिम (त्या क्षणाची दुरुस्ती), लाँग टर्म ट्रिम (शिकून लक्षात ठेवलेली दुरुस्ती), आरपीएम, मॅप (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर) किंवा मॅफ (आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर), आणि पुढचा ऑक्सिजन सेन्सर. दहा-बारा निवडले, तर स्वस्त अडॅप्टर इतका रेंगाळतो की वाचन निरुपयोगी होतं. के-लाइन या जुन्या, संथ डेटा-तारेच्या गाड्यांत हे जास्तच जाणवतं.

कोड खोडण्याआधी फ्रीझ फ्रेम वाचून फोटो काढून ठेवा. कोड लागला तेव्हा इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, लोड किती, हे त्यात असतं आणि कोड खोडला की तेही जातं.

मग इंजिन पूर्ण गरम करून, एसी बंद ठेवून दोन्ही ट्रिमची बेरीज बघा. अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नाही. २०-२५ च्या आसपास गेली की कोड लागतो. मॅफ सेन्सरच्या गाडीत आयडलला बेरीज +२० आणि २५०० आरपीएमला +४ दिसली, तर इंजिन कुठून तरी चोरून हवा खेचतंय. थ्रॉटल बंद असताना तेवढी हवा खूप होते, रेस वाढवली की तिचा हिस्सा कमी होतो. पीसीव्हीची (क्रँककेसमधली वाफ इनटेककडे नेणारी) नळी, ब्रेक बूस्टरचा पाइप, इनटेक गॅस्केट आणि मॅफनंतरचा रबरी पाइप तपासा. तो पाइप हाताने वाकवून घड्यांच्या आतही बघा, चीर तिथेच लपते. पर्ज व्हॉल्व्हची (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) नळी चिमटीत दाबल्यावर ट्रिम खाली आली, तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. जोडांवर साबणाचं पाणी फवारलं आणि आयडलचा आवाज बदलला, तर गळती तिथेच. कार्ब क्लीनरने ट्रिम खाली पडताना स्पष्ट दिसते, पण तो पेट घेतो. गरम एक्झॉस्टजवळ तो वापरूच नये.

उलट, आयडलला ठीक आणि घाट चढताना ट्रिम वाढत गेली, तर संशय पेट्रोलच्या पुरवठ्यावर घ्या: पंप, चोंदलेला फिल्टर, इंजेक्टर. मळलेला मॅफही असंच चित्र दाखवतो, तेव्हा आधी तो मॅफ क्लीनरने धुवा. तारेला बोट किंवा कापड लावायचं नाही, आणि पूर्ण वाळल्यावरच बसवायचा.

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅफ नसतोच, मॅप असतो, आणि यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ हा भाग सांगत नाहीत. मॅपच्या गाडीत गळतीची हवाही मॅनिफोल्डच्या दाबात मोजली जाते, त्यामुळे ईसीयू पेट्रोल आपोआप वाढवतो. ट्रिम फारशी हलत नाही, आयडल मात्र चढतो. अशा गाडीत पी०१७१ आला तर पुरवठा, मॅप सेन्सर, एकाच सिलिंडरजवळची गळती आणि सेन्सरच्या अलीकडे फुटलेला एक्झॉस्ट या गोष्टी आधी बघाव्यात. मिसिंगमुळेही न जळलेला ऑक्सिजन बाहेर येऊन खोटं लीन दिसतं. मॅपची परीक्षा सोपी आहे: चावी ऑन, इंजिन बंद. मुंबईत साधारण १०० किलोपास्कल, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास दिसायला हवं. गरम इंजिन आयडलला असताना ३० ते ४०.

सीएनजी असेल तर निदान पेट्रोलवरच करा. बाहेरून बसवलेल्या किटचं ट्युनिंग बिघडलेलं असेल, तर त्याची लाँग टर्म ट्रिम पेट्रोलच्या हिशेबात घुसते. ई२० चाही (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचाही) विचार हवा. एक भाग शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई१० ला सुमारे १४.१, ई२० ला सुमारे १३.५. म्हणजे ई१० साठी जुळवलेल्या गाडीत ई२० भरल्यावर +४ टक्के ट्रिम हा बिघाड नाही.

अडॅप्टरच्या मर्यादाही आहेत. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा दाब त्याला दिसत नाही, त्यासाठी गेजच लावावा लागतो आणि आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलशी ताडावा लागतो. बारीक गळतीला गॅरेजमधलं स्मोक मशीनच (आत धूर सोडून गळती दाखवणारं) हवं. एबीएस किंवा एअरबॅगचे कोडही यात सहसा मिळत नाहीत.

दुरुस्तीनंतर कोड खोडा, अ‍ॅपमध्ये लाँग टर्म ट्रिम शून्यावर आली का बघा आणि गर्दी, मोकळा रस्ता, चढ असं मिळून वीस-तीस किलोमीटर चालवा. बेरीज पुन्हा +१५ कडे सरकू लागली, तर दुरुस्ती अपुरी आहे, दिव्याची वाट बघू नका. आणि काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा. सोळाव्या पिनला कायम करंट असतो, आठवडाभर गाडी उभी राहिली तर जुनी बॅटरी उतरू शकते.