कुंपणाला जास्वंद की कण्हेर?

कुंपणाला फुलझाड हवंय, पण दोन्हींत मन अडकलंय, असं एका मैत्रिणीने विचारलं. दोन्ही फांदीपासून सहज रुजतात, दोन्हींना भरपूर ऊन लागतं.

पाण्यात मात्र जास्वंद हट्टी. माती सुकली की कळ्या गळतात, शिवाय पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) वारंवार येतो. कण्हेर मुळात कोरड्या ओढ्यानाल्यांकाठची. एकदा मुळं धरली की उन्हाळाही सोसते.

पण कण्हेरीचं पान, फूल, चीक सगळंच विषारी, थेट हृदयावर परिणाम करणारं. छाटलेल्या फांद्या जाळूही नयेत, धूरही घातक. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं, पण पूजेला, केसांच्या तेलाला उपयोगी.

लहान मुलं किंवा गुरं असतील तर जास्वंदच. पाणी कमी, मुलागुरांचा वावरही नसेल, तर कण्हेर.