गावातले गुरुजी, जळगावचं ज्योतिष कार्यालय की मोबाईलवरचं अ‍ॅप: पत्रिका कुठे दाखवावी?

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या खानदेशात बायोडाटे फिरायला लागतात आणि त्यांच्यामागोमाग पत्रिका. पुतणीचं जमवताना मी तीन ठिकाणी पत्रिका दाखवली. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावचे गुरुजी, जळगावातलं एक ज्योतिष कार्यालय आणि भाच्याने मोबाईलमध्ये टाकून दिलेलं एक अ‍ॅप. तिन्हीकडे काही ना काही हाती लागलं, पण प्रत्येक ठिकाणी वेगळं. कोणत्या कामाला कोणाकडे जायचं हे आधी कळलं असतं तर दोन महिन्यांची धावपळ वाचली असती आणि पैसेही. तुमच्या घरी सध्या हाच विचार चालू असेल, तर माझा अनुभव कामी येईल.

आधी जन्मवेळ

गुरुजींच्या ओसरीवर बसलो, तेव्हा पंचांग उघडण्याआधी त्यांनी वहिनीला विचारलं, "जन्म दवाखान्यात झाला की घरी?" मुलगी आजोळी घरीच जन्मली होती. वेळ कोणी लिहून ठेवलेली नव्हती. वहिनीने तिथूनच आईला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "सुरत पॅसेंजर निंघी गयथी, मंग पोर व्हयनी." गुरुजींनी लगेच विचारलं, "गाडी त्या दिवशी वेळेवर होती का?" ते कोणाला आठवेना. मग ते म्हणाले, "गुणमेलनाला एवढं पुरेसं आहे. पण यावरून लग्नकुंडली मांडून मी काही सांगणार नाही. तो अंदाज होईल."

माझ्या मते ज्योतिषाची पारख इथेच होते. गुरुजी असं का म्हणाले ते समजून घ्या, म्हणजे कुठे जायचं याचा अर्धा निर्णय आपोआप होतो. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, एका चरणात, म्हणजे नक्षत्राच्या चौथ्या भागात, सहा तासांच्या आसपास. ३६ गुणांचं मेलन दोघांच्या चंद्राच्या नक्षत्र-चरणावरच उभं असतं. त्यामुळे वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे झाली तरी बहुतेक वेळा गुण बदलत नाहीत. जन्मरास, नावाचं अक्षर, साडेसाती यांचंही तेच. लग्नराशीचं, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेल्या राशीचं, मात्र तसं नाही. ती साधारण दोन तासांत बदलते, दर चार मिनिटांना सुमारे एक अंश पुढे सरकते, आणि नवमांशातली (राशीचे नऊ भाग करून मांडलेल्या कुंडलीतली) लग्नरास तर तेरा-चौदा मिनिटांतच बदलते. नोकरी, परदेश, जोडीदाराचा स्वभाव, मंगळ कोणत्या स्थानी, हे सगळं लग्नराशीवरून पाहतात. तिथे मिनिटाची खात्री नसेल तर कितीही मोठा ज्योतिषी असला तरी त्याच्या बोलण्याला पाया राहत नाही.

दशा, म्हणजे आयुष्यात कोणत्या ग्रहाचा काळ कधी, ती निघते चंद्रावरून, पण तिच्या तारखांना वेळ नेमकी लागते. शुक्राच्या नक्षत्रावर जन्म असेल तर शुक्राची महादशा २० वर्षांची. जन्मवेळेत तासाभराची चूक झाली की पुढच्या सगळ्या तारखा दहा महिन्यांच्या आसपास सरकतात. "येत्या मार्चमध्ये योग आहे" असं कोणी ठामपणे सांगितलं, तर जन्मवेळ कुठून घेतली हे त्याने विचारलं होतं का, ते आठवून बघा.

नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर वेळ नसते. दवाखान्यात जन्म असेल तर केसपेपर किंवा डिस्चार्ज कार्ड शोधा. जुन्या माणसांची अडचण याहून मोठी. माझ्या थोरल्या भावाची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे, आणि त्याच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचीही तीच. गुरुजींनी (शाळेतल्या) प्रवेशाच्या वेळी लिहून टाकलेली. अशा तारखेवरून अ‍ॅपमध्ये काढलेली पत्रिका दुसऱ्याच कोणाची तरी असते. आईने "आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला" असं सांगितलेलं असेल तर गावचे गुरुजी जुन्या पंचांगातून खरी तारीख काढून देतात. हे काम त्यांच्याइतकं चांगलं दुसरं कोणी करत नाही.

गुणमेलन आणि मंगळ

मुलीचे आणि त्या मुलाचे गुण गुरुजींनी बोटांच्या पेरांवर मोजून आणि कोष्टक बघून २५ काढले. जळगावच्या कार्यालयात २५ निघाले, अ‍ॅपनेही २५ सांगितले. कोष्टक एकच असल्यावर उत्तर वेगळं कसं येणार? म्हणून नुसत्या गुणमेलनासाठी शहरात जाऊन फी भरू नका. अ‍ॅपवर फुकट होतं, गुरुजींकडे दक्षिणेत होतं. १८ गुण जुळले की साधारण चालतं असं मानतात.

ज्या आकड्यावर घरं अडतात तो नाडीचा. ३६ पैकी ८ गुण एकट्या नाडीचे, आणि एकनाडी, म्हणजे दोघांची नाडी एकच, निघाली की संततीची भीती घातली जाते. इथे मला मनापासून एक सांगायचं आहे. होणाऱ्या लेकराची काळजी असेल तर दोघांची सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्या. नंदुरबार आणि धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे, शिवाय तो कोणत्याही एका समाजापुरता नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता २५ टक्के. वाहकाला स्वतःला बहुधा काही त्रास नसतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही. पत्रिकेत हे दिसत नाही आणि सरकारी दवाखान्यात याची तपासणी होते. आम्ही पत्रिका पाहिली आणि रक्तही तपासलं. मुलाकडच्यांना आधी थोडं अवघड वाटलं. मुलीचाही रिपोर्ट सोबत देतो म्हटल्यावर ते लगेच तयार झाले.

मंगळाचं जरा सविस्तर सांगतो, कारण फसगत इथेच जास्त होते. लग्नराशीपासून मोजून पहिलं, चौथं, सातवं, आठवं किंवा बारावं, यांपैकी कुठेही मंगळ असला की पत्रिकेला मंगळ आहे असं म्हणतात. बारा स्थानांपैकी पाच झाली. चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मोजणारे आहेत, मग हा आकडा आणखी वाढतो. म्हणजे चारचौघांच्या पत्रिका काढल्या तर एक-दोघांना मंगळ निघणारच. शास्त्रात त्याला अपवादही पुष्कळ दिलेले आहेत: स्वराशीचा, उच्चीचा, दोघांनाही असलेला. अ‍ॅपने मात्र थेट लिहिलं, "मांगलिक: होय." अपवादांचं नावही नाही.

आमच्या मुलीची वेळच नक्की नव्हती, म्हणून मी भाच्याला अ‍ॅपमध्ये वेळ बदलून बघायला सांगितलं. साडेसहा टाकलं की मंगळ सातव्या स्थानी. सात टाकलं की लग्नरास पुढची, आणि मंगळ सहाव्यात, म्हणजे दोषच नाही. अ‍ॅपचा खरा उपयोग मला इथे सापडला. कोणाकडेही जाण्याआधी तुमच्याकडची वेळ वीस-पंचवीस मिनिटं मागे-पुढे करून बघा. लग्नरास बदलत नसेल तर निर्धास्त मनाने कार्यालयात जा. बदलत असेल तर ज्योतिषाला ते पहिल्याच वाक्यात सांगा.

मंगळ निघालाच आणि मनाला समाधान हवं असेल, तर अमळनेरचं मंगळग्रह मंदिर आपल्याच भागात आहे. मंगळवारी तिथे दूरदूरची माणसं येतात. शनीसाठी नस्तनपूर आहे, नंदुरबारकडच्यांना शनिमांडळ आहे. देवाला जायचं तर घरची चार माणसं मिळून जा, विधीची चौकशी थेट मंदिरात करा. मध्ये कोणी "माझ्यामार्फत करा" म्हणालं तर गरज नाही म्हणून सांगा.

कार्यालय आणि अ‍ॅप, समोरासमोर

जळगावच्या कार्यालयात मी १,१०० रुपये फी दिली. वेळ ठरवून गेलो होतो, तासभर निवांत बोलायला मिळालं. त्या ज्योतिषांचा अभ्यास चांगला होता. दशा कशावरून काढली, कोणता ग्रह कोणत्या स्थानाचा स्वामी, हे त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. गुरुजी एवढं उलगडून सांगत नाहीत आणि अ‍ॅपवरच्या माणसाला तेवढा वेळच नसतो. गुंतागुंतीचा प्रश्न असेल, जन्मवेळ पक्की असेल, तर कार्यालयच बरं. तिथे कृष्णमूर्ती पद्धतीने पाहणारे असतील तर जन्मवेळ नसलेल्यांनाही एक वाट असते: १ ते २४९ मधला एक आकडा सांगायचा आणि त्यावरून प्रश्नकुंडली मांडतात. त्यासाठी प्रश्न मात्र एकच आणि नेमका लागतो.

पण दोन गोष्टी खटकल्या. छापून दिलेल्या पत्रिकेवर जन्मस्थळ मुंबई होतं. सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून तेच भरलेलं, बदलायचं राहून गेलं. जळगाव आणि मुंबई यांच्या रेखांशात पावणेतीन अंशांचा फरक आहे, म्हणजे स्थानिक वेळेत ११ मिनिटांचा. वर पाहिलंच, तेवढ्यात नवमांश बदलू शकतो. पत्रिका हातात आली की पहिल्या पानावरचं गाव, तारीख, वेळ आधी वाचा, भविष्य मग.

दुसरी गोष्ट पैशांची. उठता उठता मला सांगण्यात आलं की मुलीला नीलम हवा, अमुकच दुकानातून, आणि आजच सांगितलं तर १८ हजारांत होईल. मी ५ हजार आगाऊ देऊन आलो. घरी आल्यावर गुरुजींचं वाक्य आठवलं. रत्न सुचवतात ते लग्नराशीवरून, आणि लग्नरास तर नक्की नव्हतीच. खडा घेतला नाही, पैसेही परत मिळाले नाहीत. पाहणारा आणि विकणारा एकच असेल किंवा त्यांची साखळी असेल, तर सल्ला घ्या पण खरेदीचा निर्णय आठवडाभर लांबवा. पत्रिका पाहणं हा गुन्हा नाही. मात्र चमत्काराचा दावा करून, भीती घालून कोणी लुबाडत असेल तर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि पोलिसांत तक्रार करता येते.

अ‍ॅपवर ज्योतिषाशी बोलायला पहिली काही मिनिटं फुकट, नंतर मिनिटाला पैसे. बोलणारा माणूस दर वेळी नवा, त्यामुळे आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते आणि मिनिटं त्यातच जातात. रात्री अकरा वाजता मन अस्वस्थ असताना फोन लावू नका, तेव्हा माणूस ऐकेल ते धरून बसतो. आणखी एक अडचण आपल्या लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. तिकडचे पंडितजी बहुतेक हिंदी पट्ट्यातले. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. आपण ज्याला आषाढ वद्य म्हणतो तो त्यांचा श्रावण असतो. पुतणीला श्रावणातल्या पहिल्या सोमवारी व्रत सुरू करायला सांगितलं होतं आणि त्यांनी दिलेली तारीख आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधीची निघाली.

काय विचारावं, काय विचारू नये

"भविष्य बघा" म्हणून समोर बसलात तर उत्तरही तसंच मोघम मिळतं. मी आता तीनच प्रश्न वहीत लिहून नेतो आणि प्रत्येक प्रश्नामागे आपल्याला एखादा निर्णय घ्यायचा आहे का, हे तपासतो. "मुलीने पुण्याची नोकरी सोडून नाशिकला यावं का, येत्या सहा महिन्यांत की वर्षभराने?" हा प्रश्न झाला. घरची सगळी कहाणी आधी सांगू नका. मागच्या दोन-तीन घटनांची वर्षं त्यांनाच पत्रिकेवरून काढायला सांगा, चांगला ज्योतिषी याचा राग मानत नाही. फी फोनवरच विचारा. उत्तर मिळाल्यावर "हे कशावरून?" असं विचारा आणि जे सांगतील ते लिहून घ्या.

मूल हुशार निघेल का, कोणत्या शाखेला घालावं, हे पत्रिकेवर सोपवू नका. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात एक चाचणी घेतली होती. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून, ती हुशार मुलाची आहे की मतिमंद मुलाची, एवढंच सांगायचं होतं. बरोबर उत्तरं सरासरी ४६ टक्के आली. नाणं उडवूनही निम्मी बरोबर येतात. मी पत्रिका पाहणारा माणूस आहे, तरी हा निकाल मी बाजूला टाकू शकत नाही. दहावीच्या लेकराला गुणपत्रिका, त्याची आवड आणि त्याचे शिक्षक यांच्यावरून वाट दाखवा. तसंच केळीच्या भावाचं. रावेर-यावलकडे तो प्रश्न ज्योतिषाला सर्रास विचारला जातो. त्याचं उत्तर बऱ्हाणपूर-रावेरच्या बाजारात आणि व्यापाऱ्याच्या फोनवर मिळतं. दुखणं डॉक्टरला, जमिनीचा वाद वकिलाला.

मुहूर्तासाठी मात्र मी गुरुजींखेरीज कोणाकडे जाणार नाही. त्यांना गावचा सूर्योदय माहीत, दोन्ही घरं माहीत, शेतातली कामं कधी उरकतात तेही माहीत. त्यांनी आम्हाला तीन तारखा काढून दिल्या आणि म्हणाले, "आधी मंगल कार्यालय कोणत्या तारखेला मोकळं आहे ते बघून या, मग लग्नघटिका काढतो." मंगळाचं मुलाकडच्यांना जसं होतं तसं सांगितलं, की वेळ नक्की नाही. त्यांच्या गुरुजींनी चंद्रकुंडलीवरून पाहून होकार कळवला. पारोळ्याचं कार्यालय दुसऱ्या तारखेला मोकळं होतं. ती तारीख ठरली.